मागच्या सीटचं माप

आमचे घरमालक बसत नसत.

म्हणजे बसायला घरात काही कमी नव्हतं. ओटीवर दोन वेताच्या खुर्च्या, आत सोफा, अंगणात जांभ्याच्या चिऱ्यांचा ऐसपैस कट्टा. पण रत्नागिरीत त्यांच्या माडीवर मी चार वर्षं भाड्याने राहिलो, आणि तेवढ्या काळात त्यांना निवांत टेकलेलं पाहिलं ते फार तर पाच-सहा वेळा. चहा उभ्याने. पेपर अंगणात फेऱ्या मारत. टीव्ही दाराच्या चौकटीला खांदा लावून, आणि जाहिरात लागली की सुटका झाल्यासारखे निघून जात. जेवायला बसत, पण एक गुडघा उभा ठेवून. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बसलं की बेअरिंग जाम होतं."

बेअरिंग हा शब्द त्यांच्या तोंडी सतत असे. पोफळीच्या, पाण्यावर चालणाऱ्या वीजघरात त्यांची तीस वर्षं गेली होती. डोंगराच्या पोटात, बोगद्यातून आत जाऊन, पाळी संपेपर्यंत ऊन नाही की पाऊस नाही. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले ते दोन सवयी घेऊन. एक म्हणजे हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं ऐकायचं. शेजाऱ्यांचा मिक्सर, माझा पंखा, दूधवाल्याची मोपेड, सगळ्यांना त्यांनी कान लावला होता. "पंधरा दिवस," असं म्हणून निघून जायचे. माझा पंखा बाराव्या दिवशी बंद पडला, तेव्हा ते मनापासून खजील झाले. तीन दिवसांची चूक त्यांना शोभत नव्हती.

दुसरी सवय लॉगबुकाची. वीजघरात दर तासाला आकडे लिहायचे, ते घरीही चालू. टाकीतलं पाणी, बागेतल्या नारळांची संख्या, भाडेकरू किती वाजता आला. एकदा मी वही उघडी पाहिली तर माझ्या नावापुढे लिहिलेलं, "९.४०. उशीर. कारण दिलं नाही." मी मूळचा मंडणगडचा, मोजणी खात्यात नोकरीला, तेव्हा बिनलग्नाचा. कारण कुणाला द्यायचं?

आता घरमालकीणबाईंबद्दल, म्हणजे काकूंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय हा माणूस अर्धाच राहील. काकू एसटीत कंडक्टर होत्या. बावीस वर्षं. रत्नागिरी जिल्ह्यातला असा रस्ता नाही जिथे त्यांनी तिकीट फाडलं नाही. सावर्ड्याकडच्या शेतकरी घरातल्या, अंगाने आटोपशीर, आवाजाने दणदणीत. काका तिकडे पोफळीला, काकू इकडे रत्नागिरीच्या डेपोला, आणि मुलगी आजोळी. ती आता लग्न होऊन नाशिकला आहे. म्हणजे सगळा संसार साप्ताहिक सुट्टीचा. काका सुट्टीला यायचे, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने परत. काका निवृत्त होऊन आले तरी काकूंच्या रात्री बाहेरगावी मुक्कामाच्या गाड्या चालूच होत्या, त्यामुळे लग्न झाल्यापासून ही दोघं सलग आठ दिवस एका छपराखाली राहिली नव्हती.

काकू निवृत्त झाल्या आणि ते आठ दिवस पहिल्यांदा आले. नवव्या दिवशी काकू माझ्या जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

"ह्या माणसाला मी वळखत नाय रे बाबा," त्या म्हणाल्या. "रविवारपुरता होता तो बरा होता. सकाळी माझ्या मिक्सरला कान लावलान, दुपारी डब्यांची फळीच बदललान. मला एक मिनिट ओटीवर बसू देत नाय. बावीस वर्षा उभ्याने काढली रे मी. आता मला बसायचा हाय. रस्ता नको, गाडी नको, काय नको."

आणि त्याच संध्याकाळी काका माझ्याकडे आले. येरझारा घालायला माझी खोली लहान होती, म्हणून दारातच पाय बदलत उभे राहिले. म्हणाले, "मोटारसायकल घेतोय. लांबच्या प्रवासाची. दोघांना बसून जाता येईल अशी. जैसलमेरला जायचंय."

"जैसलमेर?"

"जन्मभर पाण्याशेजारी काढला. एकदा बिनपाण्याचा मुलूख बघायचाय."

साठी ओलांडलेला माणूस. आयुष्यात एक जुनी स्कूटर चालवलेली. मी विचारलं, काकू बसणार आहेत का? त्यावर ते पहिल्यांदाच हलायचे थांबले.

"तिला बसवायचीच आहे रे. इतकी वर्षं ती एका गाडीत, मी दुसऱ्या गाडीत. आता ती मागे बसली नाही, तर आम्ही एका घरातले दोन भाडेकरू. तुला धरून तीन." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुझं वजन किती?"

बासष्ट. काकूंचंही बासष्ट निघालं. माझं नशीब तिथेच फुटलं. वीजघरात नवीन यंत्र आलं की आधी रिकामं चालवून बघायचं आणि मगच त्यावर लोड द्यायचा, हा त्यांचा नियम. काकूंना एकदम बसवणं त्यांना मंजूर नव्हतं. "एकदा का तिला पहिल्याच फेरीत धक्का बसला, तर ती परत बसायची नाही. म्हणून आधी तू बस. तू लोड."

पुढचे तीन महिने मी लोड होतो. रत्नागिरीतली शोरूम झाली, चिपळूणची झाली, एका शनिवारी आंबा घाट चढून कोल्हापूरसुद्धा झालं. विक्रेता विचारायचा, "कुणासाठी बघताय काका?" काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "बायकोसाठी. आज हा बसेल." ते पोरगं एकदा माझ्याकडे आणि एकदा काकांकडे बघायचं. काकांना त्याचं काही नसायचं. ते आधीच गाडीखाली वाकून स्क्रू ड्रायव्हर लावत असायचे.

बरं, चाचणी म्हणजे साधी नव्हे. मागे बसायचं आणि हातात काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला धरायचा. साळवी स्टॉपपासून हातखंब्यापर्यंत जायचं. रस्त्याचं काम चालू, त्यामुळे सगळ्या प्रकारचे खड्डे एका फेरीत मिळत. तिथे उतरून पेल्यात उरलेलं पाणी काका मोजायचे आणि वहीत लिहायचे. उंच, दणकट, डोंगरात जायच्या एका गाडीवर पेला पहिल्या वळणालाच कोरडा झाला. एका गाडीवर निम्मा. हे सगळं पाणी कुठे जायचं ते सांगायची गरज नाही. सोमवारी ऑफिसात सगळे विचारत, शनिवारी पाऊस तुझ्याच अंगावर पडला काय?

काकूंना चढायला सोपी कुठली, हाही प्रश्न होताच. त्यांच्या गुडघ्यांना काही विचारायची सोय नव्हती, कारण त्या विषयच काढू देत नव्हत्या. मग काका एक दिवस टेप घेऊन एसटी स्टँडवर गेले आणि लागलेल्या गाडीच्या पहिल्या पायरीची उंची मोजून आले. ही पायरी ती बावीस वर्षं दिवसाला पन्नास वेळा चढली, म्हणजे एवढं तिला जमतं, असा हिशेब. त्यापेक्षा उंच पावदान असलेली प्रत्येक गाडी बाद. मला हा माणूस वेडा वाटायचा, पण त्या दिवशी त्यांनी वहीत 'पायरी' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या, तेव्हा मी चेष्टा करायचा थांबलो.

शेवटी साडेतीनशे सीसीची एक घेतली. ठेंगणी, जड, लांब सीटची, संथ ठोके टाकणारी. पेल्यात पाऊण पाणी राहिलेली ती एकच. गाडी दारात आली तेव्हा काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदा मान वर केली आणि परत ताटात घातली. काका त्यांच्यासमोरून गाडी उगाचच तीनदा आत-बाहेर करत राहिले.

मग सुरू झाली कापाकापी. मागची सीट अरुंद, म्हणून बाजारातल्या कुशनवाल्याकडून ती रुंद केली. रुंद केल्यावर पाय फाकतात, म्हणून पुढच्या बाजूला निमुळती केली. आधी साधा फोम, मग कडक फोम, मग दोन्हींच्या मध्ये जेलची चकती. कुशनवाल्याने तिसऱ्या खेपेला हात जोडले. पाठीला टेकण मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलं, माझी पाठ तिथे खडूने आखून. पायाला बोटभर रबरी दांडा असतो त्याजागी रुंद पाटे बसवले. सामानाचे दोन बॉक्स लावले, ते मागच्याच्या पोटऱ्यांना लागतात म्हणून चार बोटं मागे सरकवले. मागचं सस्पेन्शन बासष्ट किलोंना बेतून घट्ट केलं. पुढे काच लावली, कारण वारा मागच्या माणसाच्या कपाळावर येतो असं मी एकदा सहज बोललो होतो. आणि सगळ्यात शेवटी दोन हेल्मेटांत बोलण्याचं यंत्र बसवलं. "तिला बोलायची सवय आहे," काका म्हणाले. "बोलत बोलत जाऊ."

खरं सांगतो, त्या सीटवर बसलं की उठावंसं वाटत नसे. माझ्या ऑफिसातली खुर्ची तिच्यापुढे शिक्षा होती.

काकू हे सगळं ओटीवरून बघत होत्या. हो नाही की नाही नाही. एका रविवारी सकाळी काका त्यांच्यासमोर नवीन हेल्मेट घेऊन उभे राहिले. तीन महिन्यांची सगळी खटपट त्या हेल्मेटात घालून धरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी माडीवरून बघत होतो. काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं, ओढणी कमरेला बांधली आणि गाडीवर चढल्या. पावदान अगदी बरोबर उंचीला होतं. बसल्या, मागे टेकल्या, जरा इकडे सरकल्या, जरा तिकडे. मग माडीकडे बघून म्हणाल्या, "ही शीट माझी नाय. ही ह्या भाडेकरूची हाय. त्यालाच न्या जैसलमेरला."

पण उतरल्या नाहीत. दोघं गेली. किनाऱ्याच्या रस्त्याने, आरे-वारेवरून पुढे. दुपारी एक वाजता फाटकाशी काकू एकट्या उतरल्या, रिक्षातून. त्यांच्यामागे पाच मिनिटांनी काका आले, मोटारसायकलवरून, एकटे.

काय झालं ते मला दोन्हीकडून ऐकायला मिळालं. आधी वहीतून. काकांनी लिहिलं होतं, "सरासरी वेग ६०. इंजिन उत्तम. मागील व्यक्ती समाधानी, पाठीवर सहा थापा." आणि मग काकूंच्या तोंडून.

"थापा?" काकू कडाडल्या. "थांबा म्हणून धपाटे घातले मी! पुलावर घातले, आरे-वारेच्या उतारावर घातले, नेवऱ्यात घातले. थांबतायत कसले. ते कानातला यंत्र, त्यात हे आकडेच वाचतायत. वेग एवढा, तापमान एवढा. मी बंद करून टाकला. सरळ जयगडला नेऊन थांबवली गाडी. तिथं रत्नागिरीची एसटी लागली होती. मी हेल्मेट त्यांच्या हातात दिला नि एसटीत चढले."

त्या एसटीत काकूंच्या हाताखाली शिकलेली कंडक्टर होती. तिने त्यांना सगळ्यात मागच्या सीटवर बसवलं. मागच्या काचेतून काकूंना मोटारसायकल दिसत होती. काका गाडीला ओलांडून पुढे जाऊ शकले असते, पण गेले नाहीत. एसटी थांबली की तेही थांबायचे, पाय टेकून वर काचेकडे बघायचे, आणि एसटी सुटली की मागून निघायचे. जयगड ते रत्नागिरी, प्रत्येक थांब्याला.

"प्रत्येक थांब्याला," काकू म्हणाल्या आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "उतरते की काय म्हणून बघायचे. मला राग पण होता नि हसायला पण येत होता. नि खोटा कशाला सांगू, बरा पण वाटत होता."

मी म्हटलं, मग बसा की परत. तशा त्या माझ्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि जे बोलल्या ते मी कधी विसरलो नाही.

"बावीस वर्षा माझ्या घंटीशिवाय गाडी हलली नाय. एक दिली की थांबायची, दोन दिल्या की सुटायची. ड्रायव्हर कितीपण मोठा असो. आता मी मागे पोत्यासारखी बसायची काय? नि दुसरा सांगते. जिल्ह्यातले सगळे थांबे मी तोंडाने पुकारले. माणसा उतरायची, पायवाटेने झाडीत जायची. ती वाट कुठे जाते, घर कसा हाय, मला कधी कळला नाय. मी आपली घंटी देऊन पुढे. फिरायचा असेल तर मला उतरायचा हाय. पळवून नेऊन काय करू?"

काका जिन्याखाली उभे होते. येरझारा घालताना त्यांना ऐकू गेलं होतं. दोन दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज. तिसऱ्या दिवशी ड्रिल मशीन सुरू झालं.

त्यांनी गाडीला घंटी बसवली. पितळेची, मूठभर, टाकीच्या पुढे हँडलजवळ. तिच्या लोलकाला बांधलेली नायलॉनची दोरी सीटखालून नळीतून नेऊन मागच्या माणसाच्या उजव्या हाताशी आणलेली. मी सुचवलं, हेल्मेटात बझर बसवा, सोपं पडेल. काका म्हणाले, "बझर मीही दाबू शकतो. दोरी तिच्याकडेच राहिली पाहिजे." हा एवढा विचार त्या माणसाने केला असेल असं मला वाटलं नव्हतं.

अडचण एकच आली. वेग वाढला की वाऱ्यात आणि हेल्मेटात घंटी ऐकू येईना. काकांनी मोठी घंटी लावून पाहिली, हेल्मेटाला कानाशी भोकं पाडून पाहिली. एकदा मला शेवटचा लोड म्हणून बसवून वेगवेगळ्या वेगाला दोरी ओढायला लावली. मग वहीत लिहिलं, "कमाल वेग ४५. कारण घंटी." साडेतीनशे सीसीची गाडी, आणि तिच्या बाजूने शाळामास्तरांच्या मोपेड पुढे जाऊ लागल्या. काकांनी ते मान्य केलं. सीटही परत कापली. ह्या वेळी काकू स्वतः कुशनवाल्याकडे जाऊन अर्धा तास बसल्या आणि माप देऊन आल्या. माझी सीट गेली. मला चक्क वाईट वाटलं. तीन महिने भिजलो होतो मी तिच्यासाठी.

त्यानंतर ती दोघं दर आठवड्याला जात. पण त्याला प्रवास म्हणावा का, हा प्रश्नच होता. पावसकडे निघाली की भाट्याचा पूल ओलांडायच्या आत पहिली घंटी. काकू उतरून कुठल्याशा पायवाटेने झाडीत दिसेनाशा व्हायच्या आणि काका रस्त्यावर गाडीभोवती घिरट्या घालायचे. अर्ध्या तासाने काकू परत यायच्या, हातात अळूची पानं किंवा कुणी दिलेले चार आंबाडे. "ती लाल पिशवीवाली म्हातारी उतरायची ना, तिचा घर बघितला. म्हातारी गेली. सून चांगली हाय." दोरीला दोन हिसके, की पुढे. पुढच्या थांब्याला परत एक. काका वैतागायचे. माझ्याकडे येऊन म्हणायचे, "चाळीस किलोमीटरला पाच तास! ह्या हिशेबाने जैसलमेरला मी ऐंशी वर्षांचा होऊन पोचेन." पण दुसऱ्या रविवारी सहा वाजता गाडी पुसायला तेच हजर. वहीत आता थांब्यांची नावं असायची आणि त्यापुढे मिनिटं.

पुढे माझी चिपळूणला बदली झाली. सामान टेम्पोत चढवताना काका मदतीच्या नावाखाली टेम्पोच्या इंजिनला कान लावत होते. वर्षभराने फोन आला, "निघालोय. जैसलमेर. आजचा मुक्काम तुझ्याकडे." सकाळी सातला रत्नागिरी सोडलेली मंडळी चिपळूणला संध्याकाळी पाचला पोचली. नव्वद किलोमीटर. मधे सावर्ड्याला माहेर होतंच. माझं तोवर लग्न झालं होतं. काकूंनी माझ्या बायकोला सगळ्यात आधी काय सांगितलं असेल, तर मी गाडीवर किती छान बायको होतो ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचवायला मी माझ्या स्कूटरवरून निघालो. कुंभार्ली घाट चढून पाटण, सातारा, मग नाशिकला मुलीकडे, आणि तिथून वर, असा बेत. हा रस्ता पोफळीवरून जातो, हे मला आदल्या रात्री सुचायला हवं होतं. सुचलं नाही. काकांनीही नकाशा दाखवताना त्या जागेवर अंगठा ठेवला होता, हे आता आठवतं.

पोफळी जवळ आली तसा माझ्यापुढचा त्यांचा वेग वाढला. पंचेचाळीस कधी न ओलांडणारा माणूस, मला स्कूटर ताणावी लागली. कॉलनीचा फाटा दिसला आणि काकूंचा हात दोरीकडे गेला. एकदा खेचलेली मी स्पष्ट पाहिली. गाडी थांबली नाही. परत खेचली. तरी नाही. फाटा मागे पडला, तशी काकूंनी दोरी खेचून धरूनच ठेवली. शंभर पावलांवर गाडी थांबली.

"ऐकू नाय आली?" काकूंनी उतरून हेल्मेट काढलं.

"वेग जास्त होता."

"कशाला होता?"

काका इंजिनकडे बघत राहिले.

"मला इथं उतरायचा हाय," काकू म्हणाल्या.

"इथे काय आहे? कॉलनी आहे. सगळ्या इमारती सारख्या. बघण्यासारखं काही नाही."

"तीस वर्षा तुम्ही राहिलात ती खोली हाय. मी एकदापण बघितली नाय."

"तुझी ड्युटी असायची."

"माझी ड्युटी असायची, खरा हाय. पण तुम्हीपण कधी ये म्हटला नाय. एकदापण नाय. मी वाट बघायचे. मला वाटायचा, तिकडे दुसरा काय असेल."

काकांनी झटकन मान वर केली. "दुसरं काय असणार? खाट होती. खिडकी होती." वरून एक ट्रक घाट उतरून गेला. "ये म्हटलं असतं, तर तू आली असतीस. एक रात्र राहिली असतीस. आणि सकाळच्या गाडीने परत गेली असतीस. त्यानंतर मला त्या खोलीत राहवलं नसतं गो. आधीच बसवत नव्हतं. मी दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घ्यायचो, खोलीत कमी जावं लागावं म्हणून."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि मीही स्कूटरचा आरसा नीट करत राहिलो. चार वर्षं मी ह्या माणसाच्या येरझारांना हसलो होतो. मला माझी लाज वाटली.

काकूंनी हेल्मेट सीटवर ठेवलं आणि फाट्याच्या दिशेने चालू लागल्या. तिकिटं फाडत गाडीच्या टोकाला जाव्यात तशा, कुठे न थबकता. दहा पावलं गेल्यावर वळून म्हणाल्या, "कुठली इमारत ती सांगायला या तरी." काकांनी गाडी स्टँडवर लावली आणि त्यांच्यामागे गेले.

मी तिथेच थांबलो. पाऊण तास गेला, तास गेला, दीड तास गेला. ऊन वर आलं. घाट चढायचा तर आता निघायला हवं, म्हणून मी घड्याळ बघत होतो. मग फाट्यावरून काका येताना दिसले, एकटेच.

जवळ आले. कपाळावर घाम होता, डोळे लाल होते. म्हणाले, "त्या खोलीत आता माझ्याच हाताखाली शिकलेला ऑपरेटर राहतो. बायको आहे त्याची. जेवून जा म्हणतायत, राहून जा म्हणतायत."

"आणि काकू?"

"बसलीय. माझ्या खिडकीत. त्या मुलीबरोबर शेवग्याच्या शेंगा सोलतेय."

मी म्हटलं, "मग घाट कधी चढणार? नाशिकला कळवायला हवं."

त्यांनी खिशातून किल्ली काढली, एका बॉक्सातून काकूंची पिशवी काढली, दुसऱ्यातून आपली, आणि दोन्ही खांद्यांवर घेतल्या. मला म्हणाले, "तू जा घरी. बायको वाट बघत असेल. आज आमचा मुक्काम पोफळीला." फाट्याकडे वळले, चार पावलं गेले आणि थांबून, मला नीट ऐकू जावं म्हणून असेल, मोठ्याने म्हणाले, "दोघांचा."